अळणी डबलरोटी

भांड्यातून काढलेली डबलरोटी काकाजी उलटी धरायचे, बोटाच्या पेरानं तिच्या बुडावर टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे. आवाज पोकळ आला की म्हणायचे, "झाली." दबका आला तर पुन्हा भांड्यात ठेवून द्यायचे.

सगळी नोकरी त्यांनी गोंदिया स्टेशनावर हातोडीनं डब्यांची चाकं ठोकण्यात घालवली होती. चाकाला चीर गेली आहे का, हे आवाजावरून ओळखायचं काम. प्लॅटफॉर्मवर उभं असताना खाली रुळांच्या कडेनं टण टण करत जाणारा माणूस तुम्ही कधी पाहिला असेल, तर त्यांना पाहिलं असंच समजा. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. मी शाळेत शिकवते म्हणून ते मला 'बाई' म्हणत.

निवृत्त होईपर्यंत काकाजींनी घरात साधा चहासुद्धा केला नव्हता. मग काकूंना लकवा मारला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. साखर आणि बीपी दोन्ही निघालं. डॉक्टरांनी गोड बंद केलं, मीठ बंद केलं, मैदाही बंद केला.

काकू बोदलकसाकडच्या एका खेड्यातल्या. लग्न होऊन गोंदियाला आल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा डबलरोटी खाल्ली. तेव्हापासून रोज सकाळी चहात बुडवून दोन तुकडे, हा त्यांचा नेम. त्या दवाखान्यातून घरी आल्यावर मी भेटायला गेले, तर रडत होत्या. मला वाटलं, हातासाठी. त्या म्हणाल्या, "हात गेला तर गेला वो बाई. पन डबलरोटी कायले बंद केली?"

काकाजी दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं. संध्याकाळी ते बाजारातून यीस्टची पुडी घेऊन आले.

पहिली डबलरोटी निव्वळ गव्हाच्या पिठाची होती. जुन्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पातेल्यात रेतीचा थर देऊन, गॅसवर भाजलेली. काकूंनी तिला डाव्या हातानं दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे रुळाखाली टाका. गाडी हालनार नाई." भिंतीपलीकडून मला काकाजींचं हसू ऐकू आलं. इतकं मोठ्यानं हसताना मी त्यांना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

मग साखरेच्या जागी त्यांनी मोहफुलं भिजवून त्यांचं पाणी घातलं. डबलरोटी छान फुगली, काकू खूश झाल्या. पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "अहो काका, हेही गोडच आहे." काकाजी चिडून घरी आले. मला म्हणाले, "जंगलातलं फूल हाय, दुकानातली साखर थोडीच हाय? तरी बंद! आता हवा तेवढी बंद कराची राहिली."

पण ते थांबले नाहीत. लोण्याऐवजी जवसाचं तेल आलं. दुधाऐवजी दही आलं. आठवडी बाजारात नागझिऱ्याकडून येणाऱ्या एका बाईकडून ते कुटकी हे बारीक भरडधान्य आणत आणि दळून गव्हाच्या पिठात मिसळत. मीठ नाही म्हणून लसूण, ओवा, भाजलेले तीळ. काकू खाटेवरून सांगायच्या, "अजून पानी. कानाच्या पाळीवानी मऊ झालं पायजे." काकाजी पिठाच्या हातानं आधी आपली पाळी चिमटीत धरायचे आणि मग पीठ. त्यामुळे त्यांच्या कानाला कायम थोडं पीठ असायचं. ते तसेच बाहेर भाजी आणायला जायचे, आणि त्यांना कोणी सांगायचं नाही.

पुढे त्यांनी मोठी डबलरोटी सोडून लहान लहान गोळे भाजायला सुरुवात केली. मी विचारलं, काऊन असं? तर म्हणाले, "एका हातानं तुकडा तुटत नाई तिच्यानं." बस, एवढंच.

काकू गेल्या त्या सकाळी मी शाळेला निघाले होते. काकाजी दारात आले आणि म्हणाले, "बाई, जरा येता का? ते उठून नाई राहिली." आवाज नेहमीसारखा होता. मी जाऊन पाहिलं. पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मुलगी रायपूरहून दुपारच्या गाडीनं आली. मग सगळं आटोपलं. घाटावरून परत आल्यावर पुरुषमाणसं अंगणात बसली, बायका आत. कोणी फारसं रडत नव्हतं. आजार लांबला की रडणं आधीच थोडं थोडं होऊन गेलेलं असतं. मी भिंतीला टेकून बसले होते आणि मला काहीच वाटत नव्हतं. पंख्याची एक पाती वाकडी आहे, हे तेवढं दिसत होतं.

तेवढ्यात काकाजी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर पितळी परात होती. पहाटे, काकूंच्या उठायच्या वेळेआधी, त्यांनी पीठ मळून ओल्या फडक्याखाली ठेवलं होतं. मीठ नसलेलं पीठ भराभर फुगतं. ते फडक्यासकट वर आलं होतं, परातीच्या काठावरून ओघळून ओट्यावर पसरलं होतं. काकाजींनी हात धुतले, पीठ गोळा केलं, मूठ मारून बसवलं आणि गॅस पेटवला.

त्यांची बहीण धावत आली. "दादा, काय करून राहिला? आज चूल पेटवत नाई घरात!"

"पीठ फुगलं हाय," ते म्हणाले.

"फुगू दे ना!"

"वाया कायले घालवाचं?"

कोणी त्यांचा हात धरला नाही. त्यांनी गोळे वळले, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि समोर उभे राहिले. लसणाचा वास घरभर पसरला. भाजून झाल्यावर त्यांनी एकेक गोळा काढून फडक्यावर मांडला. सुतकाच्या घरचं कोणी खात नाही. ते गोळे तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं ते गाईला घातले.

पंधरवड्यानंतर काकाजींनी पुन्हा भाजायला सुरुवात केली. आता खाणारं घरात कोणी नव्हतं, म्हणून ते गल्लीत वाटायला लागले. दर रविवारी ताट घेऊन दारोदार. कुटकीची, जवसाची, अळणी. पहिल्यांदा सगळ्यांनी मायेनं घेतली. मग लोक दार उघडायला उशीर लावू लागले. खरं सांगायचं तर गल्लीतल्या गाई त्या काळात चांगल्याच धष्टपुष्ट झाल्या. आमच्या घरी आम्ही ती चटणीला लावून खायचो.

दिवाळीला मुलगी आली होती. मी फराळाचं द्यायला गेले, तेव्हा काकाजींनी तिच्यापुढे गोळा ठेवला होता. तिनं तुकडा तोडला, तोंडात घातला, आणि बराच वेळ चघळत राहिली. मग म्हणाली, "बाबा, आईला हे आवडत नव्हतं. मला फोनवर सांगायची ती. म्हणायची, मातीवानी लागते, पन त्याईले सांगू नको."

मला तिथून उठावंसं वाटलं. काकाजी ताटाकडे पाहत होते.

"माहीत होतं मले," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? मी करून राहिलो, ते खाऊन राहिली." ताट सरळ करत म्हणाले, "दोघाइले काम होतं."

मुलगी आत निघून गेली. काकाजींनी तिचा उरलेला तुकडा उचलून खाल्ला.

काही दिवसांनी मी धीर करून म्हटलं, "काकाजी, आता थोडं मीठ घालायला काय हरकत आहे? आता कोणाला बंद नाही." ते गोंधळले. म्हणाले, "मीठ किती टाकाचं हे मले येत नाई, बाई. तिनं शिकवलंच नाई." ते खरंच होतं. ते शिकले तेव्हा मीठ आधीच बंद झालेलं होतं. त्यांना येणारी डबलरोटी ही आजाऱ्याचीच होती, दुसरी त्यांना ठाऊक नव्हती.

त्या रविवारी मी त्यांच्या पिठात मीठ घातलं. पीठ सावकाश फुगलं. ते दोनदा फडकं उचलून पाहून आले. भाजून झाल्यावर आम्ही ओट्याजवळ उभ्यानंच खाल्लं. खरोखर चांगलं झालं होतं. मी तसं म्हटलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. अर्धा गोळा त्यांनी खाली ठेवला. "पन दुसऱ्याच्या घरचं वाटते."

पुढच्या रविवारी ताट आलं, ते अळणीच होतं. आम्ही घेतलं.

उन्हाळ्यात मुलगी येऊन त्यांना रायपूरला घेऊन गेली. घर एका राइस मिलच्या मुनीमानं भाड्यानं घेतलं. भिंतीपलीकडे आता टीव्ही चालतो. मुलीनं त्यांच्यासाठी नवा ओव्हन घेतला, असं तिनंच कळवलं. ते हात लावत नाहीत, हेही कळवलं.

एकदा मी फोन केला. "काकाजी, डबलरोटी करता की नाही?"

"नाई वो बाई," ते म्हणाले. "इथं सगळे चांगले हायत. कोणाले काईच बंद नाई."

मग फोन ठेवायचं त्यांना सुचलं नसावं. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, कोणीतरी नातवाला हाक मारली, खुर्ची सरकली. मी बराच वेळ कानाला फोन लावून बसले. मग मीच ठेवला.