कऱ्हाडच्या पलीकडं

पलूसच्या मुलींच्या शाळेतल्या प्रभावतीबाईंना दुधाचा चहा सोडवत नव्हता, सगळी रड तिथनं सुरू झाली.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. गावच्या जैन मंदिरात त्या पावसाळ्यात मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. महाराज गावात बसले म्हणजे बायका नियम घेणारच. दिवाळीपर्यंत कोणी गूळ सोडला, कोणी तूप. शेजारच्या तानुबाईनं चारचौघींत दूध सोडलं आणि चेहरा असा केला की जणू दावणीची म्हैसच दान केली. ही तानुबाई म्हणजे गावची दवंडी. तिच्या कानावर गेलेलं संध्याकाळपर्यंत वेशीबाहेर पोचायचं. पुढची पाळी प्रभावतीबाईंची होती. आता बाकीच्यांच्या मानानं शिकलेल्या बाईनं काय सोडायचं? दूध ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. सकाळचा तो एक कप पोटात नसला तर पोरींपुढं उभं राहायचं कसं? मग त्यांना युक्ती सुचली. येण्याजाण्याची हद्द बांधून घ्यायचाही नियम असतो. इकडं सांगली, तिकडं कऱ्हाड, त्यापलीकडं दिवाळीपर्यंत पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी हात जोडून सांगितलं.

नियम जरा जड जावा, तर त्याला अर्थ, असं महाराज म्हणाले. तशा बाई हसल्या.

"महाराज, मी जाणार कुठं?"

बायकाही हसल्या. खोटं काय होतं त्यात? सोळाव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी नवरा तापानं गेला. वडील शहाणे, त्यांनी मुलीला सोलापूरच्या आश्रमात शिकायला ठेवलं. तिथं एका म्हाताऱ्या शिक्षिकेनं तिच्याकडून इंग्रजी असं घोटून घेतलं की मॅट्रिक झाली तेव्हा आश्रमात पेढे वाटले. पुढं वडीलही गेले. मग पलूसची शाळा, तीस रुपये पगार, घरी अव्वा, म्हणजे आई, आणि धाकटा भाऊ धरणेंद्र. शाळेत चौथीपर्यंतचे वर्ग. इंग्रजीचं नावच नव्हतं. बाई आपलं इंग्रजी ठेवणीतल्या लुगड्यासारखं अधूनमधून उघडून बघायच्या, म्हणजे एकट्याच मोठ्यानं वाचायच्या. म्हैस तेवढी ऐकायची.

आणि भादव्याच्या तोंडाला सांगलीचे शांतिलालशेठ दारात आले. धरणेंद्रची हळद तेच घ्यायचे. त्यांची पेढी अरबस्तानातल्या एडन बंदराला हळद पाठवायची, आणि तिकडची इंग्रजी पत्रं मागं दोनदा बाईंनीच त्यांना वाचून दाखवली होती. शेठ गुळाचा खडा तोंडात टाकून बोलायला लागले तसा धरणेंद्र ओसरीवरनं उठून जवळ सरकला. एडनच्या आपल्या व्यापाऱ्यांनी मुलींसाठी शाळा काढली होती. इंग्रजी शिकवायला बाईच हवी. मॅट्रिक झालेली, शिकवण्याचा अनुभव असलेली, तिशीच्या आतली. महिना दीडशे रुपये, राहायला खोली, जैन स्वयंपाक, जातायेताचं बोटीचं भाडं शाळेचं. तीन वर्षं सोडून यायचं नाही, असं लिहून द्यायचं. दिवसा मुली, संध्याकाळी त्यांच्या आया. अट एकच निकडीची होती. शाळेचे चिटणीस मुंबईत आले होते. अनंत चतुर्दशीच्या आत त्यांच्यापुढं उभं राहायचं, इंग्रजी बोलून दाखवायचं, डॉक्टरकडनं तपासून घ्यायचं. राजकोटची एक बाई तयारच होती, पण शेठनी शब्द टाकून पहिला मान प्रभावतीबाईंना ठेवला होता.

दीडशे रुपये ऐकून धरणेंद्रचे डोळे मोठे झाले. बाईंच्या कानात मात्र पैसा शिरलाच नाही. रोज इंग्रजी शिकवायचं, आणि समोर ऐकायला माणसं, एवढंच त्यांना ऐकू आलं. त्या चहाचं निमित्त करून आत गेल्या आणि चुलीपुढं बसून ढसाढसा रडल्या. चहा उकळून आटला, तेव्हा त्यांना नियम आठवला.

मुंबई म्हणजे कऱ्हाडच्या पलीकडं.

शेठ गेल्यावर घरात खल झाला. धरणेंद्र म्हणाला, कोण बघायला येतंय? बाईंना ते पटलं नाही. चोरून मोडायचा नाही, एवढं त्यांचं ठरलेलं होतं. अव्वा विरोध करणार असं दोघांनी धरूनच ठेवलं होतं. पण म्हातारी म्हणाली, "लोक बोलत्याल म्हणून मी जलमभर उंबऱ्याच्या आत बसले. तू जा, पोरी. म्हाराजास्नी इचार आन् जा."

दुसऱ्या दिवशी बाई मंदिरात गेल्या. महाराजांपुढं आठ-दहा बायका बसलेल्या, पहिल्या ओळीत तानुबाई. बाईंनी नोकरीचं सगळं सांगितलं आणि नियमाचं काय, म्हणून विचारलं.

महाराज शांतपणे म्हणाले, "नियम तुझा आहे, बाई. मोडलास तर दोष लागेल. पण दोषाला प्रायश्चित्त असतं. जायचं असेल तर तसं सांग, मी उपवास सांगतो."

अहो, दार सताड उघडं होतं! 'जायचंय' एवढा एक शब्द टाकायचा होता. तेवढ्यात तानुबाईनं मान वर केली आणि बाईंकडं टक लावून बघितलं. बस्स. एवढंच झालं. पण त्या नजरेत बाईंना सगळं गाव दिसलं. शिकलेली बाई, साधा चार महिन्यांचा नियम पाळवला नाही, पैसा दिसला की धर्म सुटला!

"न्हाई महाराज, सहज विचारलं," त्या म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."

बायकांनी माना डोलावल्या. तानुबाईनं तर त्यांचं कौतुक गावभर केलं. बाई असावी तर अशी! आणि खोटं कशाला बोला, दोन-चार दिवस प्रभावतीबाई त्या कौतुकावर तरंगत होत्या. अनंत चतुर्दशी झाली, राजकोटच्या बाईचं नक्की झाल्याचा शेठचा निरोप आला, आणि त्या धाडकन खाली आल्या. अव्वानं विचारलं नाही, धरणेंद्रनं विचारलं नाही, तेच जास्त लागलं.

दिवाळीला मंदिरात भगवंतांच्या निर्वाणाचा लाडू चढवला. सगळ्यांचे नियम सुटले. बायका ओवरीत बसल्या, दुधाचा चहा आला, तेव्हा कुणीतरी तानुबाईला चिडवलं, की आज पहिला घोट तुझा. तानुबाई खुदकन हसली. कसला पहिला? भादव्यातच एकदा पाव्हण्यांच्या घरी कपभर चहा पिऊन बसली होती. राहवलंच नाही.

"मग गं?" प्रभावतीबाईंनी विचारलं.

"मग काय? म्हाराजास्नी सांगितलं. त्येंनी दोन उपास सांगितलं, केलं. त्यात काय एवढं, बाई? आपुन माणसंच हाय की."

बायका हसल्या. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. बाईंनी हातातला कप तसाच खाली ठेवला. धर्मापायी राहिले असते तर एवढं खुपलं नसतं, त्यांच्या मनात आलं. राहिले ते हिच्या तोंडापायी, आणि हिच्या ध्यानीमनीही नाही.

भाऊबीजेला धरणेंद्रनं ओवाळणी काय पाहिजे विचारलं. बाई म्हणाल्या, मला कऱ्हाडच्या पलीकडं ने. त्यानं कऱ्हाडच्या पुढच्या मसूरची दोन तिकिटं काढली. कऱ्हाडहून गाडी हलली तशा बाई खिडकीशी ताठ बसल्या. मसूरला दोघं उतरली. फलाटावर एक बाकडं, एक कडुनिंब, पलीकडं ज्वारीची रानं. पलूससारखीच. पुण्या-मुंबईकडं जाणारी गाडी त्यांना सोडून पुढं निघून गेली आणि तिचा धूर मात्र बराच वेळ तिथंच राहिला.

"अक्का, आता कुठं जायाचं?" धरणेंद्रनं विचारलं.

बाईंनी पदरानं डोळे पुसले. "परतीची गाडी कवा हाय, तेवढं विचारून ये," त्या म्हणाल्या.