साडूंची स्पॅनिश तळटीप

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी स्पॅनिश भाषेवरून भांडणारा माणूस एकच सापडेल, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला आहे. इतरांचे साडू पाटाच्या पाण्यावरून चिडतात, लग्नात मानपान कमी झाला म्हणून रुसतात. आमचे साडू इंग्रजी करारनाम्यातल्या शब्दावर रुसतात. पुण्यातल्या एका यंत्रांच्या कारखान्यात त्यांची हयात गेली. तिथे स्पेनच्या लोकांशी पत्रव्यवहार करता करता ते ती भाषा शिकले आणि निवृत्त होऊन वारूळवाडीला परतले, ते तिच्यासकट. इतर माणसे निवृत्तीनंतर म्हैस घेतात, यांनी भाषांतराचे काम घेतले. मुंबईची एक एजन्सी कॉम्प्युटरवर इंग्रजी भाडेपट्टे, करारनामे, मृत्युपत्रे पाठवते आणि साडू ओसरीवर बसून त्यांचे स्पॅनिश करतात. करतात म्हणजे आधी सकाळभर त्या कागदांवर रागावतात आणि राग उरला नाही की मग लिहितात.

मी मंचरहून त्यांच्याकडे गेलो की चहाच्या आधी तक्रार येते. "हा इंग्रज बघा राव. त्याचा ट्रस्ट म्हंजे मालमत्ता एकानं द्यायची, दुसऱ्यानं सांभाळायची, फळं तिसऱ्यानं खायची, आन् तिघंबी खूश. स्पेनचा कायदा इचारतो, मालक कोण ते आधी सांगा. बरोबर इचारतो. आपल्याकडं पुतण्याची जमीन चुलत्याकडं सांभाळायला दिली की काय व्हतं, ते जुन्नरच्या कोर्टात जाऊन बघा." एवढे बोलून होईपर्यंत चहा निवतो, आणि मग चहा गार दिल्याबद्दल ते अक्कावर, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीवर, रागावतात. अक्का तो निमूटपणे आत नेते आणि तोच गरम करून आणते. एकदा मी सद्भावनेने म्हणालो की हल्ली मोबाइल क्षणात भाषांतर करून देतो. त्यावर त्यांनी माझा मोबाइल माझ्या हातातून घेतला, कोनाड्यात पालथा ठेवला आणि मी निघेपर्यंत परत दिला नाही.

त्यांची कामाची रीत मुलखावेगळी आहे. इंग्रजीतून थेट स्पॅनिशमध्ये जाणे त्यांना चोरवाटेने जाण्यासारखे वाटते. प्रत्येक अवघड शब्द आधी इकडच्या माणसापुढे ठेवायचा, त्याला तो पटला की मगच पुढे न्यायचा. आपल्या भागात हे सोपे नाही, कारण इथे घरटी एक दावा चालू असतो. एकदा दुसऱ्याच्या रानातून जाण्याच्या हक्काचा मजकूर आला होता. साडूंनी आळेफाट्याच्या हॉटेलात मिसळ खात बसलेल्या एका अनोळखी बागायतदाराला विचारले, "समजा पावणं, तुमच्या रानातून कुणी लई वर्सं येतंय-जातंय, तर त्याचा हक्क झाला का?" त्या माणसाने हातातला पाव खाली ठेवला आणि विचारले, "तुमाला कुणी पाठवलं?" दुसऱ्या दिवशी त्याने भावकीच्या वाटेवर काटेरी कुंपण घातले. भावकी पत्ता काढत वारूळवाडीला आली आणि त्यांना चहा पाजून शांत करता करता अक्काचा दिवस गेला. साडूंचे म्हणणे एवढेच होते की, शब्द बरोबर लागला.

राजुरीच्या सुमनबाई त्यांच्याकडे आल्या तेव्हा मी तिथेच होतो. बरोबर त्यांचा दीर होता. बाईंचा मुलगा बोटीवर मेकॅनिक. स्पेनच्या एका बंदरात तो शिडीवरून पडला होता आणि तिथल्या दवाखान्यात कंबरेपासून खाली प्लास्टरमध्ये पडून होता. बाईंना त्याच्याकडे जायचे होते. व्हिसाच्या कचेरीने कागद परत पाठवले होते, कारण मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव शकुंतला होते आणि बाईंच्या आधारवर, पासपोर्टवर सुमन. कचेरीचे म्हणणे, ही मुलाची आई नव्हेच. घोडेगावच्या एका वकिलाने इंग्रजीत प्रतिज्ञापत्र करून दिले होते, की सुमन एलियस, म्हणजे उर्फ, शकुंतला ही एकच बाई आहे. त्याचे स्पॅनिश हवे होते. तिकडे ते भाषांतर तपासून त्यावर अधिकृत शिक्का मारणारा माणूस दवाखान्याने शोधून ठेवला होता.

मला वाटले, अर्ध्या पानाचे काम, जेवणाआधी होईल. साडूंनी कागद वाचला आणि त्यांचे कान लाल झाले. "एलियस? स्पेनात हे दरोडेखोराच्या नावाला लावत्यात. ह्या माउलीला काय पोलीस शोधतायत?" मी म्हणालो, मग दुसरा शब्द घाला आणि मोकळे व्हा. ते म्हणाले, शब्दाने भागणार नाही, स्पेनमध्ये लग्न झाले तरी बाईचे नाव, आडनाव काहीच बदलत नाही. तिथल्या कारकुनाला ही दोन नावे दोन बायकाच वाटणार. मग त्यांनी सुमनबाईंना विचारले, नाव बदलले कुणी.

"लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं ल्हिलं," बाई म्हणाल्या. "मला कुटं दिसत व्हतं, डोईवर पदर, मान खाली. जावंनं कानात सांगितलं, आता तू सुमन. पयलं बाळातपण म्हायेरी झालं. नोंद कराया माझा बा गेला. त्याला सुमन कुटं ठावं व्हती?"

साडूंनी कागद घडी करून खिशात घातला, आणि हे लक्षण वाईट असते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गावभर एकच प्रश्न लावला: बाईचे नाव बदलतात ते का? भटजी म्हणाले, पद्धत आहे. पारावरची म्हातारी माणसे म्हणाली, पद्धत हाय. दिराने फोनवर सांगितले, समदी करत्यात. साडू घरी येऊन कडाडले, "जन्माला आल्यापासूनचं नाव पुसायचं आन् कारण काय, तर पद्धत. बैलाचं नावसुदीक बदलत न्हाई आपण, बाजारात इकत घेतला तरी." आता मीही भडकलो. पोरगा तिकडे पडलेला, आई इकडे कागदासाठी खोळंबलेली, आणि हा गृहस्थ कारणे शोधत फिरतो आहे. मी तसे तोंडावर सुनावले. अक्काही माझ्या बाजूने बोलली, म्हणजे पाणी डोक्यावरून गेले होते. साडू म्हणाले, "माझ्या नावावर अर्धवट कागद जानार न्हाई. पुन्हा परत आला तर त्या बाईनं कुणाचं दार वाजवायचं?" माझा राग मी मंचरपर्यंत जपून नेला.

शेवटी त्यांनी प्रतिज्ञापत्राचे भाषांतर केले आणि खाली स्वतःच्या सहीने तळटीप जोडली. ती मूळ कागदापेक्षा लांब होती. वकिलाने फोन करून झापले, की भाषांतरकाराने गोष्टी लिहायच्या नसतात. साडूंनी त्याला जे उत्तर दिले ते स्पॅनिशमध्ये होते, म्हणून संबंध टिकले. तळटिपेचे मराठी त्यांनी मला वाचून दाखवले. या भागात लग्नात वर तांदळात अंगठीने वधूचे नवे नाव लिहितो. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. या मुलाच्या जन्माची नोंद आजोबांनी केली आणि आपण मुलीला ज्या नावाने हाक मारत होतो तेच सांगितले. म्हणून दोन्ही नावांची बाई एकच असून ती या मुलाची आई आहे. आणि सगळ्यात शेवटी: रीतीचे कारण भाषांतरकाराने पुष्कळांना विचारले, ते मिळाले नाही.

व्हिसा मिळाला. तळटिपेमुळे मिळाला की तिथे कुणाला दया आली, हे कळायला मार्ग नाही. आम्ही साडूंसमोर तळटिपेमुळेच असे म्हणतो. बाई तिकडे पोचल्यावर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. मी शेजारीच होतो आणि साडू फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात.

"पोरगं उठून बसलं भाऊ," बाई म्हणाल्या. "हितल्या नर्सा मला शकुंतला म्हनत्यात. पोराच्या कागदावर त्येच हाय ना. पयली हाक आली तवा मला वाटलं, बा आला."

साडूंनी "बरं" म्हटले आणि फोन ठेवला. चहा समोर होता. तो निवला, तरी ते अक्कावर रागावले नाहीत. पुढे मुलगा काठी टेकत का होईना घरी आला, आणि आई राजुरीत एस.टी.तून उतरल्या त्या पुन्हा सुमनकाकू झाल्या. जाऊ, दीर, शेजारणी, सगळ्यांना तेच नाव तोंडात बसलेले, त्यात त्यांचा दोष नाही. साडू तेवढे त्यांना शकुंतलाबाई म्हणतात, भर बाजारात, मोठ्याने. त्या नावाने त्यांना हाक मारणारे इकडे आता तेवढे एकटेच आहेत, आणि त्यांचेही वय झाले आहे.