मागच्या मार्जिनमधलं घर

"आज मला काका म्हणायचं नाय. साहेब म्हणायचं. समजलं का?"

आप्पाकाका बंगल्याच्या पायरीवर उभे होते. मी खाली, नळापाशी. वय नऊ. माझ्या वडिलांच्या सख्ख्या चुलत भावानं मला हे सांगितलं आणि मी लगेच "व्हय" म्हणाले. मला कुणी मारलं नव्हतं. दम दिला नव्हता. तरी म्हणाले. ते एवढं सोपं कसं गेलं, याची लाज आजही जात नाही.

त्या दिवशी महापालिकेच्या ऑफिसातून तपासणीचा माणूस येणार होता. शेजाऱ्यानं तक्रार केली होती की या प्लॉटवर दोन घरं आहेत. आमच्या कॉलनीचा नियम साधा होता. एका प्लॉटवर एकच घर. बंगल्याच्या मागं कंपाउंडपर्यंत जागा मोकळी सोडायची. तिला सगळे मार्जिन म्हणत. त्या मार्जिनमध्ये पत्र्याची एक खोली होती. मंजूर नकाशावर तिचं नाव 'सामानाची खोली'. सामान ठेवलेलं चालत होतं. माणसं चालत नव्हती.

त्या खोलीत आम्ही तिघं राहत होतो.

तपासणीवाला आधी स्वयंपाक शोधतो, हे आप्पाकाकांना माहीत होतं. ते वकील. दुसऱ्या जागी स्वयंपाक दिसला की दुसरं घर धरलं जातं. म्हणून आईनं तव्यावरची अर्धी भाजलेली भाकरी तशीच फडक्यात गुंडाळली. स्टोव्ह काकूंच्या बाथरूममध्ये गेला. वळकट्या गच्चीवर. माझं दप्तर धुण्याच्या टोपल्यात. खोलीत सिमेंटची पोती आणि मोडक्या खुर्च्या आणून टाकल्या. आईच्या हातात झाडू दिला, बाबांच्या हातात बागेचा पाईप. बाबा आप्पाकाकांपेक्षा सात वर्षांनी मोठे. एरवी "दादा" म्हणणारे आप्पाकाका त्या दिवशी ओरडले, "ए, तिकडं मोगऱ्याला पाणी घाल!"

बाबा मोगऱ्याकडं गेले.

तपासणीवाला मागं आला. खोलीत डोकावला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी शाळेचा फ्रॉक घातला होता. तो लपवायचा राहिला होता.

"तू कुठं राहतेस गं?"

"इथं नाय. आईसंगं कामाला येते."

"एवढीशी? काय काम करतेस?"

मला हे शिकवलेलं नव्हतं. मी माझ्या मनानं म्हणाले, "साहेबांचे बूट पुसते."

आप्पाकाका मोठ्यानं हसले. "लई हुशार पोरगी आहे."

बाबांच्या हातातला पाईप हलला नाही. मोगऱ्याच्या आळ्यातून पाणी वाहून फरशीवर आलं. त्यांनी ऐकलं होतं.

आम्ही तिथं का होतो, हे सांगायला हवं. लासूर स्टेशनजवळच्या गावात दोघा भावांचं शेत सामाईक होतं. आप्पाकाका शिकले, बाबा नांगरामागं राहिले. पुढं शहरात प्लॉट घ्यायचं ठरलं, त्यासाठी शेत विकलं. बाबांनी सही केली. "दादा, पुढं मी, मागं तू. प्लॉट दोघांचा," एवढं बोलणं झालं. कागद झाला नाही. आमच्या घराण्यात भावाकडं कागद मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. आईनं एकदा विषय काढला, तेव्हा बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. प्लॉट आप्पाकाकांच्या एकट्याच्या नावावर झाला आणि बाबा अभिमानानं सांगत राहिले, आमच्यात कागद लागत नाय.

तपासणीवाला गेला. संध्याकाळी मी सवयीनं "काका" म्हणाले. काकूंनी डाळ निवडता निवडता वर न बघता सांगितलं, "साहेबच राहू दे आता. परत कुणी आलं तर पोरगी चुकायची." महिन्याभरात आईसुद्धा साहेब म्हणू लागली. बाबांनी त्यांना हाकच मारायचं सोडलं.

मी मोठी झाले. कॉलेजात पोचले, चळवळीत पोचले. क्रांती चौकात उभी राहून पत्रकं वाटली. बेघरांच्या हक्कांची, झोपडपट्टीच्या नोटिशींची. काही मीच लिहिली. 'भिऊ नका, पुढं या' असं मी बेधडक लिहीत असे. आणि संघटनेच्या सभासदाच्या अर्जावर पत्ता लिहायची वेळ आली तेव्हा मी प्लॉट नंबर घातला आणि त्यापुढं लिहिलं, 'मुख्य बंगला'. कुणी विचारलं नव्हतं. एकदा कार्यकर्ते सोडायला आले, तर मी पुढच्या फाटकाशी उतरले. त्यांची गाडी वळेपर्यंत कडीला हात लावून उभी राहिले. मग मागच्या बोळातून खोलीत गेले. आईनं विचारलं, "कुणी होतं का गं?" मी म्हणाले, "कुणी नाय."

दुसऱ्यांच्या घरासाठी घसा फोडायचा आणि स्वतःचं घर लपवायचं. मी ढोंगी होते. यापेक्षा मऊ शब्द मला माझ्यासाठी नको.

मग नियम बदलला. प्लॉट मोठा असेल तर मागं दुसरं छोटं घर बांधायला परवानगी मिळू लागली. आप्पाकाकांना ते मुलासाठी बांधायचं होतं. ते आधी खोलीत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या खाटेवर बसले.

"दादा, बजाजनगरला तुमच्यासाठी खोली बघितली. बांधकाम होईपर्यंत राहा. मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय, ते आम्हा तिघांना कळलं. त्यांनी परवानगीसाठी लागणारा एक कागद पुढं केला. 'सदर खोली केवळ सामानासाठी वापरात असून तेथे कधीही कोणाचे वास्तव्य नव्हते.' खाली सहीची जागा. बाबांच्या नावापुढं लिहिलं होतं, माळी.

एवढी वर्षं बाबांनी कागद मागितला नव्हता. पहिला कागद आला तो हा.

"उद्या पाहणीला इंजिनीअर येतील. त्यांच्यासमोर सही करा," आप्पाकाका म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी इंजिनीअर बाई आल्या. तरुण, घाईत. मागं येऊन त्यांनी विचारलं, "इथं कोणी राहतं?"

"छे, छे. सामान असतं," आप्पाकाका म्हणाले. "हा माळी. सही करतोय. कर रे."

बाबांनी पेन घेतलं. मोठ्या भावाला 'कर रे'. बाबा कागदावर वाकले. मी त्यांची मान बघितली. अशी वाकलेली मान मी नऊ वर्षांची असल्यापासून बघत होते आणि तिला गरिबी म्हणत होते. ती वाकवण्यात माझाही हात होता.

"आम्ही राहतो," मी म्हणाले. "सोळा वर्षं झाली. हे माझे वडील. माळी नाहीत. ह्यांचे थोरले भाऊ आहेत."

आप्पाकाका वळले. "तोंड सांभाळ. डोक्यावरचं छप्पर जाईल."

"जाऊ द्या. बाई, माझा जबाब लिहून घ्या."

बाईंनी एकदा आप्पाकाकांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. फाईल उघडली आणि लिहून घेतलं. मी सही केली. बाबांच्या कागदावर सहीची जागा कोरीच राहिली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाई गेल्यावर बाबा म्हणाले, "तू घर घालवलंस. भाऊ बी घालवलास." आई भांडी बांधायला लागली. आठवड्यानं नोटीस आली. परवानगीशिवाय वास्तव्य, खोली पाडून टाका. जबाब माझा, म्हणून नियमाचा बडगाही आमच्यावरच. आप्पाकाकांनी निरोप धाडला आहे की पोरीनं जबाब मागं घेतला तर बजाजनगरची खोली अजून मिळेल. बाबांना वाटतं मी घ्यावा. ते तसं म्हणत नाहीत. नुसते माझ्याकडं बघतात, आणि मला त्यांच्या नजरेला नजर देववत नाही.

सोमवारी नोटिशीवर सुनावणी आहे. मी जाणार आहे. शेताच्या सहीपासून सगळं सांगणार आहे. मी खोटं बोलले होते, हेही सांगणार आहे. जबाब मागं घेणार नाही.

खोली वाचेल असं मला वाटत नाही. पण नोटिशीत तिला 'सामानाची खोली' लिहिलं आहे, ते मी खोडायला लावीन. तिथं बाबांचं पूर्ण नाव लिहा. पुढं 'यांचे घर' लिहा. मग पाडा.