काळतोंडीच्या तोंडचा घास

हौसाक्का गेली हे तिच्या सुनेनं कुंपणापलीकडून ओरडून सांगितलं, तेव्हा मी मेंढ्यांना पाणी पाजत होते. पाजून झाल्यावरच गेले. आधी गेले असते तर अक्का उठून बसली असती आणि मला शिव्या दिल्या असत्या. ती माझी थोरली जाऊ. भरपूर जगली, भरपूर भांडली. सव्वा महिना झाला, आता लिहायला हरकत नाही.

आमचं खरं भांडण वाटणीत झालं, पाणी पाजायच्या दगडी डोणीवरून. डोण तिला गेली. ‘तुझी मेंढरं समिंदर पितात का?’ असं मी म्हटलं आणि तिनं बोलणं सोडलं. दोन वर्षं! मेंढरांची वाडगी मात्र शेजारीशेजारी, मधे बोराटीचं कुंपण. काही सांगायचंच झालं तर ती आपल्या काळतोंड्या मेंढीला सांगायची, मला ऐकू येईल अशा आवाजात. ‘काळे, लोकांचं कोकरू आपल्या मटकीत शिरलंय म्हनावं.’

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी आमच्या तिसगावच्या बाजूला मेंढरांना हगवण लागली. जनावरांचे डॉक्टर सायकलवर आले आणि भरड्यात कालवायला पिवळी पूड देऊन गेले. मेंढीमागं चिमूटभर, पाच दिवस. हगवणीचे जंतू मरतात म्हणाले. अक्कानं घेतली नाही. ‘काळे, आपल्याला न्हाई बाई असलं काय.’ मी मात्र मूठमूठ घातली, तीही दहा दिवस. चिमटीनं गुण येतो तर मुठीनं जास्तच येणार, एवढी माझी अक्कल. हगवण थांबली. मी कुंपणाकडं तोंड करून दोन दिवस पुडीचं कौतुक केलं.

तिसऱ्या दिवशी मेंढ्यांनी चारा सोडला. दुपारी लिंबाखाली चौदाच्या चौदा बसल्या, पण एकीचाही जबडा हलेना. पोटाला कान लावला तर आत गुडगुडसुद्धा नाही... वाटणीत माझ्याकडं धड असं काही आलं होतं तर त्या चौदा मेंढ्याच.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ‘बाई, पोटात काय सगळे जंतू वाईट असतात? चारा जिरवनारे बी जंतूच. पुडीला कुठली वळख? चिमटीत वाईट तेवढे मेले असते, तुमच्या मुठीत सगळेच मेले.’

‘मग आता?’

‘पूड न खाल्लेल्या मेंढीच्या तोंडातला रवंथ काढायचा, पान्यात कालवून ह्यांना पाजायचा. त्यात ते कामाचे जंतू असतात. पन सगळ्या गावानं पूड घेतलीय.’

सगळ्या गावानं नव्हे. मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. शेवटी म्हटलं, ‘काळे, तुझ्या तोंडचा घास लागतोय मला. मालकिनीला इचार.’

अक्का काटक्या मोडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘काळे, मूठमूठ घालताना कुनाला इचारलं हुतं म्हनावं?’

‘कुनाला न्हाई म्हनावं.’

‘मग पानी कोमट कर म्हनावं. नळकांडं माझ्याकडं हाय.’

बांबूचं नळकांडं घेऊन ती आली. काळी रवंथ करू लागली की अक्का तिच्या गालफडात बोट घालून हिरवा गोळा ओढून काढायची. मी तो पाण्यात कालवून नळकांड्यानं मेंढ्यांच्या घशात ओतायची. पाचव्या गोळ्याला काळी कडकडून चावली. अक्का तेव्हा काळीला जे बोलली ते इथं लिहिता येणार नाही.

असं तीन दिवस. पहिल्या दोन दिवसांत दोन मेंढ्या मेल्या. तिसऱ्या दुपारी लिंबाखाली एकीचा जबडा हलला.

‘हलला गं!’ अक्का ओरडली. काळीला नव्हे, मला.

बाकीच्या बारा जगल्या. डोण मात्र तिनं शेवटपर्यंत सोडली नाही. बोलायला लागली खरी, पण राग आला की पुन्हा निरोप मेंढीकडूनच. आणि रोज दुपारी मेंढरांचा रवंथ ऐकल्याशिवाय तिनं भाकरी मोडली नाही.

परवा माझी एक मेंढी सुस्तावली म्हणून अक्काच्या वाडग्यात गेले. नळकांडं खांबाला टांगलेलं होतं, तिच्या हाताच्या उंचीवर. खाली काळीची कितवीतरी पणती निवांत रवंथ करत बसली होती. तिला म्हटलं, ‘नळकांडं मी नेतेय म्हनावं. आता मागून बघ म्हनावं, मी द्यायची न्हाई.’

तिचा जबडा हलत होता. मी घरी येऊन भाकरी मोडली.