मिठातला किडा

आमच्या घरात मासे येत नसत. मी मात्र एम.एस्सी.च्या वर्षांत माशांची आतडीच चिवडत बसले. तारनाक्याच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकत होते आणि मरळ माशाच्या आतड्यातले काटेरी डोक्याचे कृमी हा माझा विषय होता. मासेवाला हसायचा, "लोगां मछली ले जाते, तुम आँतां ले जाते."

या किड्याला तोंड नाही, पोट नाही. सोंडेवरचे आकडे आतड्याच्या भिंतीत रुतवायचे आणि दुसऱ्यानं पचवलेलं अन्न अंगभर शोषायचं, एवढाच त्याचा संसार. मला तो भारी आवडायचा. त्याची जात ओळखायची तर ते आकडे मोजावे लागतात, आणि हा लबाड आतड्यातून सोडवला की सोंड आत ओढून घेतो. मग त्याला साध्या गार पाण्यात ठेवायचं. तो फुगतो आणि सोंड आपोआप बाहेर येते.

देशाचा बाजार नुकताच खुला झाला होता. नारायणगुड्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते. बाबांनी बजावलं होतं, "उन्हाळा संपेपर्यंत तुझ्या किड्यांचं काही झालं तर ठीक, नाहीतर क्लास." मे महिन्यात मला एक निराळाच किडा मिळाला. आमचे सर म्हणाले, आकडे निराळे निघाले तर तुला पीएच.डी.ला घेतो. नेमका विभागातला फ्रिज बंद पडलेला. मी किडा पाण्याच्या डबीत घालून बरकतपुऱ्याला घरी आणला. हळदीकुंकू लावलेल्या नव्याकोऱ्या फ्रिजमध्ये आईनं त्याला जागा दिली, हेच नवल.

सकाळी पाहिलं तर किडा सुरकुतून गेलेला, सोंड पार आत.

"नुसत्या पाण्यात सडून जाईल की बाई," आई म्हणाली. "म्हणून मीठ टाकले मी. कैऱ्या टिकतात, हा बी टिकेल."

मिठानं त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतलं होतं. मी पाणी बदललं, पण तो मेला होता. सरांनी काचेखाली दाबूनही पाहिला, आकडे मोजता येईनात. तसा दुसरा मिळाला नाही. जूनमध्ये मी क्लास लावला.

"टिकला न?" आईनं विचारलं होतं. मी हो म्हटलं. जन्मात मासा न शिवलेल्या बाईनं माझ्यासाठी ती डबी उघडली होती. तिच्यावर रागावणार तरी कशी?

पुढे नोकरी लागली, चांगली लागली. आई शेवटपर्यंत आल्यागेल्याला सांगायची, "पोरीचा किडा मी टिकवला." मी मान डोलवायचे. आता ती नाही. एकदा तिला खरं सांगून दोघींनी पोटभर हसायला हवं होतं.