मधला दगड कोणी गुळगुळीत केला?

लेकहो, आज एका म्हशीपायी मले कबुलीजबाब द्या लागला. म्हैस मरून जमाना झाला.

आमच्या तांड्यामागच्या टेकडीवर मोठमोठ्या दगडांचं एक गोल रिंगण आहे. हजारो वर्षांआधीचं थडगं म्हणतात त्याले. आज शहरातून एक मॅडम पोरं घेऊन ते पाहाले आल्या. तांड्यातला सगळ्यात म्हातारा म्हणून मलेही वर नेलं.

मॅडम मधल्या उभ्या दगडापाशी थांबल्या. "बघा, किती गुळगुळीत! पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी श्रद्धेने हात फिरवलाय." पोरांनी चपला काढल्या. एकानं तर कपाळ टेकवलं.



तो दगड एकोणीसशे बासष्टात मी अन् माह्या बापानं रोवला. आमची भुरी म्हैस अंग घासू घासू झोपडीचे खांब पाडे. दुसरी झोपडी पडली तवा याडी, म्हणजे माही माय, म्हणाली, "आता घरात भुरी राहीन, नाही तं मी." म्हणून भुरी चरे तिथंच, रिंगणात, तिच्यासाठी दगड उभा केला. गुळगुळीत तिनंच केला.

मॅडम वहीत लिहूनच राह्यल्या होत्या. शेवटी सांगून टाकलं. पोरं खिदळली. कपाळवाला कपाळ पुसू लागला.

मॅडम हसल्या. मंग म्हणाल्या, "पण आजोबा, बाकीचे दगड कशासाठी रोवले असतील?"

मी बाकीच्या दगडांवर हात फिरवला. तेही तेवढेच गुळगुळीत लागले.

आता तुम्हीच सांगा, त्या जुन्या लोकाईच्या म्हशीले खाज सुटत नसन काय?