आत्याबाईंची स्प्रिंगची गादी

ज्या दिवसांबद्दल लिहिते आहे, त्या दिवसांत मी कायम दमलेली असे. बहात्तरचा दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली होती. भीमेच्या काठी, वडगाव रासाईच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या शाळेत मी शिकवत होते. चार वर्ग, दोन शिक्षक, आणि त्यातला दुसरा बहुतेक वेळा शिरूरला मीटिंगला. नवरा दौंडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये. तो रविवारी येई, तोही दर रविवारी नाही. घरात मी आणि माझी सासू, म्हणजे आत्याबाई, दोघीच. लग्नाला सहा वर्षं होऊन पदरात मूल नव्हतं, पण त्यावरून आत्याबाई मला कधी एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. माणूस कसा होता हे कळायला एवढं पुरे.

आत्याबाईंची कंबर गेली होती. जन्मभर लोकांच्या रानात खुरपणी केली, उसाच्या मोळ्या वाहिल्या. आमच्या वस्तीतल्या बायकांचं आयुष्य असंच वाकून जायचं. पहाटे त्या वाकळीवरून उठत तेव्हा आधी कुशीवर वळत, मग दोन्ही हात जमिनीला टेकत, मग घरातली मेढ, छपराचा लाकडी खांब, धरून उभ्या राहत. हे सगळं होईतो त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघे. मी चूल पेटवताना तो आवाज रोज ऐकत असे आणि रोज स्वतःवर चिडत असे.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "महिनाभर खुरपं बंद. आणि कमरेला आधार मिळेल अशा अंथरुणावर रोज दुपारी दोन तास उताणं पडायचं." आत्याबाईंनी ते ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "शिकल्याला माणूस हाय, पर येडा हाय."

मी मात्र ते मनावर घेतलं. नवऱ्याला सांगितलं, आणि महिन्याभरात त्यानं गादी आणली. शेडमधल्या एका मोठ्या साहेबाची बदली झाली होती, तो घरातलं सामान हाताखालच्या माणसांना विकून मोकळा होत होता. निळ्या पट्ट्यांच्या जाड कापडाची, वीतभर उंच, आत स्प्रिंगा असलेली गादी. सोबत लोखंडी खाट. कांद्याच्या ट्रकवर घालून तो ती नदीपर्यंत घेऊन आला आणि तिथून नावेत चढवली.

गादीची पहिली परीक्षा नावेतच झाली. पाऊस झाला नव्हता, तरी नावेच्या तळाला पाणी होतं. ओलं कशाला व्हायचं म्हणून नदीपलीकडच्या राहू गावच्या बाजाराहून येणारी सहा-सात माणसं सरळ गादीवर बसली. आमच्या काठाला येईपर्यंत त्यांचं मत ठरलेलं होतं. एक म्हातारा उतरताना नवऱ्याला म्हणाला, "गादी झ्याक हाय गड्या. पर बूड ठरत न्हाई हिच्यावर."

घरी आणल्यावर दुसरी परीक्षा पिंजाऱ्याची. तो दर वर्षी धनुकली खांद्यावर टाकून शिरूरकडून यायचा आणि गावाच्या गाद्या-उशा पिंजून द्यायचा. त्यानं गादीवर हात फिरवला, मुठीनं दोन-तीन जागी दाबली, मग न विचारता एका कोपऱ्याची शिवण उसवली. आत बोटं घालून त्यानं एकेक थर चिमटीत धरून आम्हाला दाखवला. वर कापूस, त्याखाली मेंढीची लोकर, त्याखाली नारळाचा काथ्या, आणि मग तारेच्या स्प्रिंगा. लोकर त्यानं नाकाला लावली.

"धुतल्याली लोकर हाय, वास न्हाई," तो म्हणाला. "काथ्या भार तोलतो, लोकर घाम पिती. करणारानं डोकं लावून केलीय. हिला मी हात लावणार न्हाई, आन् तुमीबी दुसऱ्या कुणाला लावू देऊ नका." त्यानं शिवण पुन्हा घातली आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत.

म्हणजे गादी उत्तम होती. प्रश्न तिच्यावर निजायचा होता, आणि तो सुटत नव्हता.

आमच्याकडे अंथरूण उजाडायच्या आत गुंडाळून कोपऱ्यात जातं. दिवसा घरात अंथरूण पसरलेलं दिसलं तर ते आजाऱ्याचं किंवा बाळंतिणीचं. ही गादी गुंडाळता येत नव्हती. ती भिंतीला उभी करायची म्हटलं तर दोघी लागायच्या, आणि उभी केली की शेळी येऊन कोपरा चघळायची. शेवटी ती खाटेवर तशीच राहिली, बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर. रात्री आत्याबाई तिच्यावर निजायच्या खऱ्या, पण सकाळी मी उठून बघावं तर त्या खाली वाकळीवर. "हाललं की वाजती. तुझी झोपमोड नको," म्हणायच्या. कधी म्हणायच्या, "वर गेलं की जमीन घावत न्हाई."

एका रविवारी मात्र मी हट्टाला पेटले. नवरा आलेला नव्हता. जेवणं झाली, भांडी झाली. मी म्हणाले, "आत्याबाई, आज दुपारी पडायचं. डॉक्टर म्हणाले तसं. दोन तास."

"भर दुपारची? कोण बघंल की."

"बघू द्या."

त्या आधी गादीच्या काठावर बसल्या, मग पदर सारखा करून हळूहळू पाठीवर टेकल्या. दोन्ही हात पोटावर. डोळे उघडेच. दार उघडं होतं, कारण दिवसा दार लावलं म्हणजे घरात भांडण आहे असं वस्ती समजते. थोड्या वेळानं शेजारीण वाटी घेऊन विरजण मागायला आली. उंबऱ्यात थबकली. आत्याबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विरजण न घेताच परत गेली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ज्या बाईला कुणी आयुष्यात दिवसा आडवं झालेलं बघितलं नाही, ती आडवी झाली म्हणजे आता काही खरं नाही, एवढा साधा हिशोब होता. तासाभरात वस्ती दारात आली. आत्याबाई घाईनं उठायला गेल्या आणि स्प्रिंगांनी त्यांना परत आडवं पाडलं. ते बघून बायकांनी तोंडाला पदर लावले. "मला काय झालं न्हाई गं," त्या सांगत होत्या. "तुमचा सोभाव तसाच हाय मावशी, तुमी सांगायच्या न्हाई," बायका म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी राहूहून त्यांची बहीण नावेतून आली, सोबत तिचा दीर, जाऊ, बिस्किटांचे पुडे. मांडवगणहून बैलगाडी आली. संध्याकाळी दौंडहून नवरा आला, डोळे लाल झालेले. त्याला कुणीतरी शेडमध्ये जाऊन सांगितलं होतं, आईला भेटून घे. आई चुलीपुढे बसून चहा गाळत होती. तो दारातच मटकन खाली बसला.

तीन दिवस माणसं येत राहिली. सगळी गादीवर बसली, एकावेळी पाच-पाच, सहा-सहा. बसून झालं की दाबून बघत, वरखाली होऊन बघत, मत देत. मऊ हाय, पर लई मऊ न्हाई. उन्हाळ्यात गरम व्हईल. ह्याच्यावर माणूस आळशी व्हतं. आडवं होऊन मात्र एकानंही बघितलं नाही, कारण परक्याच्या घरात चारचौघांत कोण आडवं होणार? गादी जिच्यासाठी आणली ती तीन दिवस चूल आणि दार यांच्यामध्ये वाकून येरझाऱ्या घालत होती. ज्यांच्या रानात आत्याबाई कामाला जात ते आप्पाही येऊन गेले. आमच्या उंबऱ्याच्या आत ते कधी आले नव्हते, त्याही दिवशी आले नाहीत. बाहेरूनच विचारलं, "म्हातारी उद्या खुरपायला येती का न्हाई? तसं सांगा, म्हंजी दुसरी बघतो."

"येते की," आत्याबाई आतून म्हणाल्या.

चौथ्या दिवशी त्या खुरपायला गेल्या. मी शाळेत गेले, आणि एका पोरानं पाढा चुकवला म्हणून त्याला उगाच मारलं. मला रडू येत होतं. एवढा खटाटोप करून त्या बाईच्या कमरेला मी दोन तास देऊ शकले नव्हते. उलट तीन दिवसांचं काम तिच्या पाठीवर घातलं होतं.

पुढच्या रविवारी मी ठरवलं. जेवणं झाल्यावर आत्याबाईंना म्हणाले, "पडा." त्या नको नको म्हणाल्या. मी दार लोटून घेतलं, बाहेर उंबऱ्यावर सूप घेऊन बसले आणि तांदूळ निवडायला लागले.

"कुणी आलं तर काय सांगशील?" आतून आवाज आला.

"तुम्ही राहूला गेलात म्हणून सांगेन."

"खोटं बोलतीस मास्तरीण असून?"

"बोलते."

आत खाट करकरली. मग एकदा स्प्रिंगा वाजल्या, मग पुन्हा शांत. मग घोरणं सुरू झालं, चांगलं रुंद, दारातून बाहेर येणारं. आत्याबाई घोरतात हे सहा वर्षांत मला माहीत नव्हतं. बहुतेक त्या कधी एवढ्या खोल झोपल्याच नव्हत्या.

शेजारीण आली. वाटी होतीच हातात. मी म्हणाले, "आत्याबाई राहूला गेल्यात." ती दाराकडे बघत राहिली. आतलं घोरणं आम्ही दोघींनीही ऐकलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "व्हय. मीबी बघितलं त्यांना नावेत बसताना." आणि पाय न वाजवता गेली.

थोड्या वेळानं आप्पा आले. त्यांनाही तेच सांगितलं. त्यांना पटलं नाही, पण मास्तरीणबाईला खोटी म्हणणं त्यांच्या जिभेवर आलं नाही. उन्हात बसून माझी पाठ भरून आली होती, तांदूळ दोनदा निवडून झाले होते, पण मी उठले नाही.

सावली उंबऱ्यापर्यंत आली तेव्हा आत्याबाईंनी दार उघडलं. मेढ न धरता त्या दारापर्यंत आल्या होत्या. केस विस्कटलेले, गालावर कापडाच्या पट्ट्यांचे वळ.

"कुणी आलतं?"

"कुणी नाही."

त्यांनी माझ्या हातातलं सूप काढून घेतलं. "ऊठ. आता तू पड जा."

मला आधी कळलंच नाही. सासूच्या देखत सून दिवसा आडवी होते, असं आमच्या वस्तीत कुणी ऐकलेलं नव्हतं. "मी? आत्याबाई, मला काय झालंय?"

"मला तरी काय झालं होतं?" त्या उंबऱ्यावर बसल्या, एक हात कमरेवर ठेवून, पण चेहरा मोकळा होता. "रोज पहाटं माझ्या आधी उठतीस. मला दिसत न्हाई व्हय? जा."

मी आत गेले. गादी त्यांच्या अंगाची ऊब अजून धरून होती. मी पाठीवर टेकले. आधी वाटलं आपण बुडतोय, मग खालून काहीतरी सावकाश वर आलं. कमरेखाली जी पोकळी राहते, जिथं वाकळीवर नुसती जमिनीची गार हवा लागते, तिथं कुणी तळहात दिल्यासारखं वाटलं. खांदे खाली गेले. इतके दिवस त्यांना मी वर ओढून धरलं होतं, हे मला तेव्हा समजलं. पिंजारी खरं बोलला होता. छपराकडे बघत पडले आणि डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं, ते पुसायलाही हात उचलावासा वाटेना.

बाहेर पावलं वाजली. आप्पांचा आवाज आला, "काय गं, राहूहून आलीस वाटतं? तुजी सून कुठाय? पोराच्या दाखल्याचं इचारायचं होतं."

मी उठायला गेले.

"ती न्हाई घरी," आत्याबाई म्हणाल्या. त्या माणसापुढे इतक्या सरळ आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "दौंडला गेलीय. दिवस मावळल्याबिगर येत न्हाई."